कंसातली माणसं

आमच्याकडे माणूस गेला की त्याला आधी तिरडी लागते, दहाव्याला कावळा लागतो आणि सगळ्यात शेवटी कंस लागतो. कंस तलाठी करतो. सातबाऱ्यावरचा खातेदार मयत झाला, वारसांनी अर्ज दिला, फेरफार मंजूर झाला, की पूर्वी जुनं नाव खोडत नसत. त्याच्या दोन्ही बाजूंना गोल कंस मारत आणि खाली वारसांची नावं चढवत. खोडलं असतं तर माणूस कागदावरूनही गेला असता. कंसात तो दिसत राहतो, फक्त त्याला कुणी काही विचारत नाही. आमच्या गावात, वारज्यात ‘म्हाताऱ्याला कंस झाला का?’ असं कुणी म्हटलं, की ऐकणाऱ्याला कळतं : म्हातारा जाऊन बरेच दिवस झाले, प्रश्न जमिनीचा आहे.

माझ्या पणजोबांना कंस व्हायला ते गेल्यावर एकोणीस वर्षं लागली. यात कुणाची चूक नव्हती. सांगायलाच कुणी गेलं नव्हतं. रान तेच, कसणारे हात घरातलेच, आणि सारा वेळेवर जात होता. तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, हे सांगताना दर वेळी हसतात. “आपला म्हातारा मेल्यावर एकोनीस वरसं सरकारात सारा भरत व्हता. जित्तेपनी येवढा टायमावर कधी भरला नसंल.”

तात्या आता ब्याऐंशीचे आहेत. आमच्या आळीत त्यांच्याहून थोरलं आता कुणी उरलं नाही. गेल्या तीन वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकून मी एक वही भरली. माणसाचं नाव, कुणाचा कोण, कुठल्या रानात असायचा, कशानं गेला. ही वही पितरांच्या मायेनं सुरू झाली असं सांगायला मला आवडलं असतं. खरं कारण वेगळं आहे. जमिनीचा शेवटचा तुकडा द्यायचा होता आणि वकिलाने वंशावळ मागितली होती. स्टॅम्पपेपरवर झाड काढायचं : मूळ पुरुष वर, त्याची मुलं खाली, त्यांची मुलं त्याखाली. तात्या सांगत होते, मी लिहीत होते. तिसऱ्या पिढीशी आल्यावर ते एकदम थांबले आणि म्हणाले, “हितं येक पोरगी व्हती. पटकीत गेली. ती धरायची का?”

वकील म्हणाले, नको. निर्वंश मयत, तिचा संबंध नाही. तात्या गप्प बसले. घरी येताना रिक्षात मला म्हणाले, “तुज्या वहीत धर तिला.” तोवर माझ्याकडे वही नव्हती.

*

सातबाऱ्याची भाषा एकदा कानाला लागली की त्यातून घर दिसायला लागतं. नावाआधी ‘ए.कु.मॅ.’ असलं तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे थोरला भाऊ. त्याच्या एका नावामागे चार भाऊ, त्यांच्या बायका, पोरं, एक खुळा चुलता आणि दोन बैलजोड्या उभ्या असतात. बहिणी असल्याच तर ‘इतर हक्क’ या रकान्यात, विहिरीतला हिस्सा आणि सोसायटीचा बोजा यांच्या शेजारी. आणि ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बाप गेला, मुलं लहान, म्हणून त्यांच्या वतीने जमिनीचा कारभार पाहणारं माणूस.

माझी आजी, जिजी, सातबाऱ्यावर अशी आली. आबा, म्हणजे माझे आजोबा, १९४९ साली गेले तेव्हा तात्या सहा वर्षांचे होते आणि माझे वडील अंगावर पीत होते. मुलांच्या नावांपुढे ‘अ.पा.क. आई’ असं लिहून जिजीचं नाव चढलं. तिला वाचता येत नव्हतं. कुणीतरी कागद वाचून दाखवला तेव्हा तिने विचारलं, “अपाक म्हंजी काय? कच्चीच का अजून मी?” चार माणसांना नांगरापासून मोटेपर्यंत कामाला लावणारी ती बाई, कागदावर बारा वर्षं अशी कच्ची राहिली. तात्या अठराचे झाले आणि ते कामही संपलं. जिजी जिवंत असतानाच तिच्या नावाला कंस झाला. त्यानंतर ती आणखी चौतीस वर्षं जगली.

मोडीतून बाळबोधीत आलेले हे जुने कागद घेऊन बसलं की एक गोष्ट हळूहळू उघडी पडते : यात पेरणारे आहेत, खुरपणाऱ्या नाहीत. आणि वांग्या-गवारीच्या गावात खुरपणाऱ्याच जास्त होत्या.

त्यांचे पत्ते दुसरीकडे होते, रानांच्या नावांत. सर्व्हे नंबर सरकारचे. आमच्या तोंडी मात्र चिंचेखालचं, मळई, वरली पट्टी, आत्याचं कोंडकं, सुईणीची ताल. आत्याच्या कोंडक्यात कुठली आत्या, हे तात्यांनाही त्यांच्या आत्याकडून कळलेलं. सासर सोडून परत आलेली एक बाई भावांनी दिलेल्या त्या अर्ध्या गुंठ्यात लसूण-कोथिंबीर करून जगली. सातबाऱ्यावर तिची रेघही नाही. पण ती गेल्यावर सत्तर-ऐंशी वर्षं गडी सकाळी विचारत राहिले, “आत्याच्या कोंडक्यात वाफसा झाला का?” रोज कुणीतरी तिचं नाव घेत होतं, आणि आपण नाव घेतोय हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. याहून चांगलं स्मारक मी तरी पाहिलेलं नाही. ते मोडायला बुलडोझर लागला नाही. त्या जागेला इमारतीचं नाव मिळालं आणि काम झालं.

तात्या अजूनही रिक्षावाल्याला “मळईपाशी सोड” म्हणतात. रिक्षावाला फोनमध्ये मळई शोधतो.

*

मळई म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन. मुठा आमच्या उशाशी. वारजं तिच्या डाव्या काठावर. वर खडकवासल्याचं धरण, इंग्रजांनी १८७९ साली पुरं केलेलं. उजवा कालवा पुण्याला पाणी पाजत पुढे हडपसरकडे गेला, डावा आमच्या अंगाने. पुण्याच्या लोकांना ही नदी गणपती विसर्जनापुरती आठवते. आमच्याकडचे म्हातारे मात्र माणसाचं वय तिच्यावरून मोजायचे : पानशेताच्या आधीचा की नंतरचा.

१२ जुलै १९६१, बुधवार. तात्यांना तारखेपेक्षा तिथी आधी आठवते, कारण त्या दिवशी अमावास्या होती. अमावास्येला औत धरत नाहीत. एरवी पावसाने उघडीप दिली असती तर सकाळी दोन्ही जोड्या मळईत असत्या. त्या दिवशी बैल गोठ्यात होते आणि गडी पारावर. आंबी नदीवरचं पानशेतचं धरण अजून पुरं व्हायचं होतं. आदली सबंध रात्र लष्कराचे जवान तिथे बांधावर वाळूची पोती रचत होते, हे आमच्याकडे नंतर कळलं. सकाळी पानशेत फुटलं. ते पाणी खडकवासल्यात मावेना आणि दुपारी ती जुनी दगडी भिंतही गेली.

“पानी आलं न्हाई,” तात्या म्हणतात. “मंजी येताना दिसलं न्हाई. आधी आवाज आला. धा मोटारी येकदम चढाला लागल्यागत. मंग वास. चिखलाचा न्हाई, खोल हिरीच्या तळाचा असतो ना, तसा. आन् मंग नदी उबी ऱ्हायली.” पुराची वर्णनं मी पुष्कळ वाचली, पण ‘नदी उभी राहिली’ हे फक्त त्यांच्याकडून ऐकलं. लोक माळाकडे पळाले. जिजी पळाली नाही. ती आधी गोठ्यात गेली, दावी कापली, बैलांना चढाकडे हाकललं आणि त्यांच्या मागे गेली. तात्यांचं म्हणणं असं, की त्या अमावास्येने आमच्या आळीतले सगळे बैल वाचवले. पंचांगाच्या विरोधात मी एरवी कितीही बोलत असले तरी या मुद्द्यावर गप्प बसते.

पाणी उतरल्यावर मळई नव्हती. जिथे पिढ्यान्‌पिढ्यांचा गाळ होता तिथे गोटे आणि वाळू. पुण्यात नदीकाठच्या पेठा गेल्या. पूरग्रस्तांसाठी निस्सेन हट उभ्या राहिल्या, गोखलेनगर वसलं, मदत आली, चौकशी आयोग बसले. वाहून गेलेल्या मातीची चौकशी कोण करणार? पुढे डावा कालवाही बंद पडला. कर्वेनगरात त्याच्यावर आता रस्ता आहे आणि लोक त्याला अजून कॅनॉल रोडच म्हणतात. पाणी गेलं तरी नाव राहिलं, असं क्वचित घडतं.

माझ्या वहीत पुरात गेलेलं एकच नाव आहे आणि ते माणसाचं नाही असं तात्या म्हणतात. मी त्याला माणसात धरते. मळईतल्या विहिरीची धाव. बैल मोट ओढत ज्या उतारावरून खाली जातात ती धाव. आबांच्या आबांनी दगड बसवून केलेली, थारोळ्याला एकसंध शिळा. मोट ओढायला नाडा, तिची सोंड ओढायला सोल. दोन्ही मांगवाड्यातून वळून यायचे, मोटेचं कातडं चांभार शिवायचा, विहीर वडारांनी खोदलेली. एका बादलीभर पाण्याला अख्खं गाव लागायचं. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला, त्यात हे सगळं आहे. कुणाचं बलुतं किती आणि कुणाचा हात कुठे, तेही. इतकं बारीक आणि इतकं निर्मम लिहिलेलं पुस्तक क्वचितच असेल. मी ते तात्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “बरूबर हाय. पर मोटंवर गानं कोन म्हनायचा, ते न्हाई ल्हिलं.”

ते मी लिहून घेतलं. तो आमच्यातला नव्हता, सालगडी होता. आवाज असा, की पहाटे पलीकडच्या काठावरून कुणीतरी उत्तर द्यायचं. विहिरींवर इंजिनं आली आणि तो गायचा थांबला. इंजिनाच्या आवाजात कोण गाणार?

*

गावाचं एक तोंड नदीकडे आणि दुसरं मंडईकडे होतं. १८८६ साली पुण्यात रे मार्केट झालं, आताची महात्मा फुले मंडई. वारज्याची भाजी तिथे जायची. पहाटे दोन-अडीचला गाड्या जुंपायच्या, आखाखाली कंदील. ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन चालत. हिंगणं, एरंडवणं, लकडी पूल, मंडई. येताना पाटीत मीठ, तेलाची बाटली आणि शहराच्या बातम्या.

माझी पणजी त्यांतली. तिची एक गोष्ट जिजी सांगायची. वाटेत हिंगणे बुद्रुकला माळावर एक झोपडी उभी राहिली होती. तिथे ‘बामनाच्या रांडव पोरी केस राखून बुकं वाचत्यात’ असं कुणीतरी सांगितलं, म्हणून या बायकांनी एका सकाळी पाट्या उतरवून कुंपणातून पाहिलं. पोरी खरंच वाचत होत्या. एक मोठ्याने वाचत होती आणि बाकीच्या ऐकत होत्या. पणजी म्हणाली, “कीर्तन हाय जनू.” धोंडो केशव कर्व्यांनी आपला अनाथ बालिकाश्रम १९०० साली पुण्यातून तिथे हलवला होता, रावबहादुर गोखल्यांनी सहा एकर जागा आणि साडेसातशे रुपये दिले होते. पुढचं सगळं पुस्तकांत आहे. एकशे चार वर्षं जगून कर्वे १९६२ साली गेले.

पुस्तकांत नसलेली गोष्ट एवढीच : तो आश्रम आमच्या वेशीपासून अर्ध्या तासाच्या वाटेवर होता आणि आमच्या आळीतून एकही मुलगी तिथे गेली नाही. कुणी अडवलं नाही, कुणी बोलावलंही नाही, आणि कुणाच्या मनातही आलं नाही. पणजीने कुंपणातून पाहिलं, पाटी उचलली आणि ती मंडईला गेली. तिच्या सुनेचा अंगठा मी वंशावळीच्या कामात तीन कागदांवर पाहिला. तिसऱ्यावर तो जरासा फरफटलाय.

अंगठा उठवणाऱ्या या बाईला तोंडपाठ किती होतं, ते मोजता आलं नाही. जात्यावर बसली की ती गेलेल्यांना एकेक करून ओवीत घ्यायची : बाप, भाऊ, नवरा, आणि माहेरच्या वाटेवरची एक बाभूळ. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी मुळशी-मावळापासून सुरू करून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या माणसांची गाठ जिजीशी पडली नाही याचं मला वाईट वाटतं. घरात पिठाची गिरणी आली तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते आणि मला गिरणीचंच कौतुक होतं.

तिची दुसरी यादी वासुदेवासाठी होती. हिवाळ्यात पहाटे मोरपिसांची टोपी घालून तो दारात आला, की ती सुपातून जोंधळे घालायची आणि कुणाकुणाला दान पावलं म्हणायचं ते सांगायची. सासरा, सासू, आबा. मग आवाज थोडा खाली आणून माहेरची माणसं. मग सुईण. मग पटकीत गेलेली ती मुलगी. आणि शेवटी पोवळ्या, पानशेतातून वाचलेला बैल. वासुदेव बैलाचं नावही त्याच सुरात घ्यायचा, चेहऱ्यावरची रेघ न हलवता. सातबारा आणि वासुदेवाची यादी शेजारी ठेवली तर त्यात फक्त दोन नावं सारखी सापडतात.

*

एक नाव मात्र दोन्ही याद्यांत नव्हतं. हा भाग लिहायला मी सगळ्यात जास्त दिवस घेतले.

पूर्वी गावात कुणी गेलं की सोयऱ्यांना सांगावा जायचा. फोन नाही, तार परवडत नाही. माणूस चालत जायचा : शिवणे, कोपरे, नदीपलीकडे धायरी, वर मुळशीकडे. कामगिरी वतनी महाराची. ऊन असो की पाऊस, कामाधंद्यातून उठून जायचं, दाराबाहेर लांब उभं राहून आरोळी द्यायची, पाणी वरून ओतलं तर प्यायचं आणि परत फिरायचं. आबा गेले तेव्हा जिजीच्या माहेरी सांगावा घेऊन जो गेला, तो मुळा ओलांडून रात्रभर चालला आणि उजाडता पोचला. ही गोष्ट आमच्या घरात शंभरदा सांगितली गेली. मी तात्यांना विचारलं, “नाव काय त्यांचं?”

तात्यांनी जातीचं नाव सांगितलं. मी परत विचारलं. ते बराच वेळ छताकडे बघत राहिले.

आमच्या पाच पिढ्यांची मरणं ज्याने आणि ज्याच्या बापाने गावोगावी नेली, त्याचं नाव आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. त्याला साद कशी घालत असतील, ते मला कळतं आणि लिहवत नाही. बाबासाहेबांनी या वतनाला गुलामी म्हटलं आणि १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यासाठी विधेयक आणलं. कनिष्ठ गाववतनं कायद्याने गेली ती १९५८ साली. त्याआधी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धर्मांतर झालं आणि त्यानंतर आमच्या गावात एका दिवशी कुणीतरी मेलं. सांगावा द्यायला बोलावणं गेलं. उत्तर आलं : “तुमचं मरण आता तुम्ही सांगा.” त्या दिवशी पहिल्यांदा घरातला माणूस सायकलवर टांग टाकून निघाला. तात्यांना ते वाक्य शब्दाशब्दाने आठवतं. बोलणाऱ्याचं नाव मात्र नाही.

सांगावा नेणाऱ्या त्या माणसाच्या नातवाकडे मी गेले. रिटायर झालेले गृहस्थ, घरात बुद्धाची मूर्ती, भिंतीवर पुस्तकं. वहीचं सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ताई, तुमच्या वहीत आमचे म्हातारे कशाला?” माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी बनवलंही नाही. चहा झाला. निघताना त्यांनी आजोबांचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आणि मी लिहीत असताना ते वहीकडे पाहत राहिले. वेलांटी चुकली होती. त्यांनी ती माझ्याकडून दुरुस्त करून घेतली.

या लेखात गावातल्या कुणाचीच नावं नाहीत, त्याचं कारण तेच. ज्यांची माणसं आहेत त्यांना विचारल्याशिवाय छापायची नाहीत, असं माझं आणि तात्यांचं ठरलं आहे.

*

सातबारा लहान होत गेला, तशी त्यावरची नावं वाढत गेली. हे आमच्या एकट्या गावाचं नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास करून १९१७ साली पुस्तक काढलं. तिथे १७७१ साली एका खातेदाराकडे सरासरी चाळीस एकर होते. १९१४-१५ पर्यंत सात उरले. ते सात एकर पुढे गुंठ्यांवर आले आणि आता तिथे स्क्वेअर फुटाचा हिशेब आहे. माझ्या पणजोबांची चार मुलं, त्यांची अकरा, त्यांची एकोणतीस. मूळ जमीन दहा एकरांच्या आत. कूळकायद्यात, १ एप्रिल १९५७ ला, वरच्या अंगाचं थोडं रान आमचं झालं. पुण्याच्या पेठेतल्या त्या जुन्या मालकांच्या नावालाही कंस आहे, आमच्या म्हाताऱ्यांसारखाच गोल.

पोट भरेना तसे लोक बाहेर पडले. वर एनडीए होती, १९५५ पासून खडकवासल्याला पक्की बसलेली. १९६२ ला कोथरूडात किर्लोस्कर कमिन्स आली. बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडच्या बायकाही खडी फोडायला गेल्या, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या आणि त्याबद्दल नंतर कुणी फारसं बोललं नाही. मग हायवेचा बायपास गावाच्या छाताडावरून गेला. १९९७ ला अडतीस गावं महापालिकेत आली, त्यांत वारजं. ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यूच्या रजिस्टरात आमची माणसं शेवटची मेली ती त्या साली. पुढची महापालिकेत मेली.

जमिनीला भाव आला तेव्हा ‘इतर हक्क’ या रकान्यातल्या बायका अचानक सगळ्यांना आठवल्या. १९९४ च्या कायद्याने आणि पुढे २००५ च्या दुरुस्तीने मुलींच्या हक्काला जोर आला होता. हक्कसोडपत्रावर सह्या हव्या होत्या. चाळीस-चाळीस वर्षांत ज्यांच्याकडे दिवाळीचं लुगडंही धड गेलं नव्हतं त्या आत्यांच्या दारात स्कॉर्पिओ उभ्या राहिल्या. एक आत्या म्हणाली, “सही करते, पर आधी सांगा, मला किती लेकरं हायेत?” पुतण्याला सांगता आलं नाही. तिने तरी सही केली. मी तेव्हा तिथे होते आणि गप्प बसले. आमच्याही घरात ते पैसे आले आहेत.

आता कुणी गेलं की चौकात फ्लेक्स लागतो. भावपूर्ण श्रद्धांजली. फोटो लग्नातला कापलेला असतो, त्यामुळे म्हाताऱ्याच्या खांद्यावर कुणाचा तरी हात राहून जातो. दहा दिवसांनी त्याच बांबूंवर वाढदिवस चढतो. मी याला नाक मुरडायचे. आता मुरडत नाही. एखादा ट्रॅफिक सिग्नलभर अनोळखी माणसं त्या चेहऱ्याकडे बघतात, आणि ते सातबाऱ्यात होत नाही.

टेकडीवर वनखात्याच्या उजाड जमिनीत २०१५ पासून झाडं लावून वन उभं केलं गेलं, वारजे स्मृतिवन. सोळा हेक्टरांहून जास्त जागा. लोकांनी गेलेल्यांच्या नावानेही तिथे रोपं लावली. २०२० च्या पर्यावरणदिनी केंद्र सरकारने देशभरात नगरवनं करायची घोषणा केली तेव्हा याच वनाचा दाखला दिला होता. मी तात्यांना घेऊन गेले. ते झाडांना हात लावत, नावं घेत फिरले. झाडांची, माणसांची नाही. एका रोपाशी वाकून माती चिमटीत घेतली आणि म्हणाले, “मुरूम हाय. हितं आबा जगले नसते.”

आबांची जागा दुसरी. तात्यांना वडलांच्या तीनच गोष्टी आठवतात : तंबाखूचा वास, खांद्यावरून दिसलेले बैलांचे कान आणि तिरडीमागे चालताना पायात रुतलेला काटा. जिजीने १९४९ साली चिंचेखालच्या रानाच्या बांधावर एक चौथरा बांधून घेतला होता, कोरीव पावलं आणि कोनाडा. पुरानेही तो हलला नाही. जमीन दिली तेव्हा करारनाम्यात तात्यांनी एकच अट लिहून घेतली. बाकी रक्कम, फ्लॅट, हप्ते यात ते बोललेच नाहीत.

त्यामुळे त्या सात मजली इमारतीच्या पार्किंगमध्ये, सत्तावीस आणि अठ्ठावीस नंबरच्या मधे, काळ्या दगडाचा एक चौथरा आहे. सर्वपित्रीला आम्ही जातो. गेल्या भाद्रपदात गेलो तेव्हा तात्यांना वाकता येईना म्हणून दिवा मी लावला. तेवढ्यात एक पांढरी गाडी रिव्हर्समध्ये आली. आत कुणी नवीन भाडेकरू असावा. लातूरकडचा तरुण वॉचमन शिट्टी फुंकत धावला. आमच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. रोजच्या सवयीने त्याने काचेवर थाप मारली आणि ओरडला,

“डावीकडं घ्या सर, डावीकडं! मागं आबा हायेत.”